रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी बंद करू का?

नमस्कार, श्रोतेहो.

परवा एक साठीचे गृहस्थ तपासणीला आले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय, स्टेंट घातलेला आहे. मी म्हटलं, "काका, कोलेस्टेरॉलची गोळी दाखवा बरं." त्यांनी शर्टाच्या खिशातून एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. दहापैकी तीनच गोळ्या संपलेल्या, आणि मागची छपाई घासून घासून पुसट झालेली. म्हणजे ती पट्टी कित्येक महिने नुसती खिशात फिरत होती. सोबत दोन रिपोर्ट होते. पहिल्यात एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, 62. दुसऱ्यात 148. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "मागच्या वेळी सगळं नॉर्मल आलं होतं ना, म्हणून बंद केली. उगाच कशाला गोळ्या खात बसायचं?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आज त्यावरच बोलायचं ठरवलं.

काकांचा तो 62 आकडा गोळीने आणलेला होता. ताप उतरला की तापाची गोळी थांबवतो, तसा इथला हिशेब नाही. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. स्टॅटिन गटातली औषधं त्या कामात लागणाऱ्या एका एन्झाइमला आवर घालतात. अटॉरव्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन ही त्यातलीच नावं. यकृतात तुटवडा पडला की ते रक्तातलं एलडीएल ओढून घेऊ लागतं आणि रक्तातला आकडा खाली येतो. गोळी थांबवली की काही आठवड्यांत सगळं पूर्वपदावर. आणि शरीर याची काहीच खूण देत नाही. कुठे दुखत नाही, चक्कर येत नाही, थकवासुद्धा वाटत नाही.

जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी बुरशीचे हजारो नमुने तपासून 1973 मध्ये या जातीचं पहिलं रसायन शोधलं. 1987 मध्ये लोव्हास्टॅटिन बाजारात आलं. तरीही या गोळीने माणसं खरंच जास्त जगतात का, ही शंका होतीच. 1994 मध्ये हृदयविकाराच्या 4,444 रुग्णांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये पाचेक वर्षांत मृत्यूंचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतं. काकांच्या खिशात फिरत होती ती याच गटातली गोळी.

आता अंगदुखीबद्दल. गोळी सोडण्याचं हे दुसरं मोठं कारण, आणि त्यावर मला जरा सविस्तर बोलायचंय.

स्टॅटिनमुळे काहींचे स्नायू दुखतात, हे खरं आहे. हे दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना असतं. मांड्या, पोटऱ्या, खांदे जड होतात, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत ते जाणवतं. एकच गुडघा दुखत असेल तर दोष गोळीला देऊ नका. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी रुग्णांना नेहमी सांगते. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली 60 माणसं त्यात घेतली होती. त्यांना वर्षभरात चार महिने खरी गोळी, चार महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि चार महिने काहीच नाही, असं उलटसुलट क्रमाने दिलं. खऱ्या गोळीवर जो त्रास झाला, त्यातला 90 टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीवरही झाला. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. पण गोळी त्रास देणारच ही धास्तीही अंग दुखवू शकते. म्हणून दुखायला लागलं तर परस्पर गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा. रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, तपासता येतं, थायरॉइड कमी पडतोय का ते पाहता येतं, डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देऊन बघता येतं.

मात्र एक खूण दिसली, तर अजिबात वाट न पाहता दवाखाना गाठायचा. माझ्या एक रुग्ण बाई सिमव्हास्टॅटिन घेत होत्या. छातीत कफ झाला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या, त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे हे त्यांनी विचारलं नाही, बाईंनी सांगितलं नाही. काही दिवसांनी त्यांना हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना, आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली. स्नायू विरघळून त्याचे अंश मूत्रपिंडात उतरत होते. असं फार क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. त्या वेळेत दवाखान्यात पोचल्या, सलाइन लागलं, मूत्रपिंडं वाचली. ते अँटिबायोटिक सिमव्हास्टॅटिनचा शरीरातला निचरा अडवतं, त्यामुळे नेहमीचीच गोळी रक्तात कैक पटींनी साठते. एरिथ्रोमायसिन, बुरशीवरचं इट्राकोनॅझोल, ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीसाठीचं जेमफिब्रोझिल यांच्याबाबतही हाच धोका आहे. ग्रेपफ्रूटचा भरपूर रससुद्धा सिमव्हास्टॅटिन आणि अटॉरव्हास्टॅटिनचं प्रमाण वाढवतो. तेव्हा कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, अगदी दातांच्या, तरी गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेला कागद आधी पुढे करा.

"नैसर्गिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्टच्या तांदळाच्या कॅप्सूलही त्या कागदावर लिहा. त्यात लोव्हास्टॅटिनच असू शकतं, आणि किती ते कळायला मार्ग नसतो.

गोळी कधी घ्यायची? सिमव्हास्टॅटिन रात्री, कारण ते शरीरात थोडाच वेळ टिकतं आणि यकृत कोलेस्टेरॉल जास्त करून रात्री बनवतं. अटॉरव्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन कधीही चालतात, फक्त रोज एकाच वेळी घ्या. रोझुव्हास्टॅटिन घेतल्यावर अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध दोन तास घेऊ नका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत. साखर या औषधांनी किंचित वाढू शकते, तरी हृदयाला होणारा फायदा त्याहून खूप मोठा आहे, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी घाबरून गोळी सोडू नये. गर्भारपणाचा विचार असेल किंवा दिवस राहिले असतील तर मात्र लगेच डॉक्टरांना विचारा. अंगावर पाजत असताना ही गोळी घ्यायची नाही.

काकांना मी गोळी पुन्हा सुरू करून दिली. खरं तर ते जरा ओशाळले होते, आणि मला ते नको होतं. पट्टी शर्टाच्या खिशात न ठेवता दात घासायच्या ब्रशपाशी ठेवा, असं सांगितलं. आठ आठवड्यांनी ते रिपोर्ट घेऊन आले, एलडीएल 64. कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "आता?"

म्हटलं, "आता रोज रात्री, ब्रशपाशी. आणि पुढच्या वेळी गोळी सोडावीशी वाटली, तर आधी मला फोन करायचा."

नमस्कार.