गिमलीच्या झोपड्यांमधली पुस्तकं

नमस्कार श्रोतेहो.

लॉर्ड डफरिन आपल्याला शाळेत भेटतात ते काँग्रेस स्थापन झाली त्या वेळचे व्हाइसरॉय म्हणून. इकडे येण्याआधी ते कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. सप्टेंबर १८७७ मध्ये ते मॅनिटोबातल्या विनिपेग सरोवराच्या काठी, गिमली नावाच्या वसाहतीत गेले. तिथल्या भाषणात ते म्हणाले, की इथल्या झोपड्यांच्या भिंती उघड्या असतील, सामान बेताचं असेल, पण वीस-तीस पुस्तकं नाहीत अशी एकही झोपडी मला दिसली नाही.

या झोपड्या आइसलँडहून आलेल्या माणसांच्या. पहिली तुकडी इथे उतरली २१ ऑक्टोबर १८७५ ला, म्हणजे ऐन बर्फाच्या तोंडावर. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तिकडे मायदेशी आस्क्या ज्वालामुखी फुटला होता. पूर्वेकडची कुरणं राखेखाली गेली आणि पुढच्या वर्षी हजारावर माणसं याच वाटेनं आली. त्यांच्यामागोमाग देवी आल्या. आइसलँडच्या शंभरेक माणसांचा त्या साथीत बळी गेला. वसाहतीभोवती पहारे बसले. ना कुणी आत, ना कुणी बाहेर.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण स्थलांतरितांच्या कौतुकात ती मागे पडते. ती जमीन मोकळी नव्हती. सँडी बार इथल्या मूळ रहिवाशांची वस्ती त्याच साथीनं उद्ध्वस्त केली. जॉन रॅमझी हा त्यांच्यातला. नवख्यांना त्यानं शिकार करून मांस पुरवलं. त्याची बायको बेट्सी देवीनं गेली. तिच्या थडग्यावर त्यानं संगमरवरी शिळा बसवली.

असं सगळं चालू असताना ही माणसं काय करत होती? देवाबद्दल भांडत होती! वसाहतीत लुथरन या प्रोटेस्टंट पंथाचे दोन पाद्री: योन ब्यार्नासोन जरा मोकळ्या मनाचे, तर पाउत्ल थोर्लाक्सोन कर्मठ. वाद इतका पेटला, की पाउत्ल यांच्या मागोमाग कितीतरी कुटुंबं गाशा गुंडाळून अमेरिकेत डाकोटाला गेली. पोटाला पुरेसं नाही आणि वाद कसला, तर बायबलचा शब्द न् शब्द खरा की नाही! पण मला वाटतं, यात हसण्यासारखं काही नाही. घरात पुस्तकं आणि बाहेर सहा महिने बर्फ, मग माणूस दुसरं करणार काय? वसाहतीचं स्वतःचं वर्तमानपत्रही १८७७ मध्येच निघालं होतं आणि हे वाद त्यात छापून येत.

पुढची ठिणगी पडली १८९१ च्या ईस्टरला. मॅग्नूस स्काप्तासोन या लुथरन पाद्र्यानं प्रवचनात सांगून टाकलं, की देव माणसाला कायमचा नरकात टाकतो हे मला मान्य नाही. चर्चच्या अनेक मंडळ्या त्याच्याबरोबर सिनॉडमधून, म्हणजे लुथरन मंडळ्यांच्या संघातून, बाहेर पडल्या. त्याच वर्षी विनिपेग शहरात ब्यॉर्न पेतुर्सोन यांनी आइसलँडी लोकांची युनिटेरियन मंडळी उभी केली. एकच ईश्वर, विवेकाला मान, आणि पोथीतल्या प्रत्येक ओळीवर विश्वास ठेवायची सक्ती नाही, असा हा पंथ. प्रार्थना समाज माहीत असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, आणि ते खरंच आहे. आपले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले ते युनिटेरियनांच्याच शिष्यवृत्तीवर.

या मोकळ्या वातावरणात बायका गप्प बसणार नव्हत्या. मार्ग्रेत बेनेडिक्टसन यांनी १८९८ मध्ये 'फ्रेया' हे मासिक काढलं. आइसलँडी भाषेत, बायकांच्या मताधिकारासाठी. ते १९१० पर्यंत चाललं. पुढे १९१६ मध्ये कॅनडात बायकांना मत देणारा पहिला प्रांत ठरला तो मॅनिटोबाच.

आज त्या घरांमधून भाषा बरीचशी गेली आहे. सणावाराला विनार्तेर्ता हा थरांचा केक मात्र होतोच. पातळ बिस्किटासारख्या चकत्यांचे थर, मध्ये शिजवलेल्या सुक्या आलुबुखाराचं घट्ट सारण, आणि वास आपल्या वेलचीचा. थर सात हवेत की कमी चालतील, वर साखरेचा लेप द्यायचा की नाही, यावर घराघरांत अजून एकमत झालेलं नाही.

नमस्कार.