‘द लास्ट युनिकॉर्न’ : मोठेपणी भेटणारी मॉली

१९८२ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘द लास्ट युनिकॉर्न’ हा ॲनिमेशनपट ज्यांनी लहानपणी टीव्हीवर किंवा व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, त्यांना पिंजऱ्यातून सुटून मालकिणीवरच झडप घालणारी हार्पी, म्हणजे अर्धी स्त्री-अर्धी पक्षीण, आणि आगीसारखा धगधगणारा लाल बैल हमखास आठवतात. आपल्या जातीतली आपण एकटीच उरलो आहोत, असे कानावर पडल्यावर कपाळावर एकच शिंग असलेली ही शुभ्र, अमर युनिकॉर्न आपले रान सोडून इतरांच्या शोधात निघते, एवढी कथा मुलांना सहज कळते. (वाटेत एक शेतकरी तिला घोडी समजतो, आणि ते तिला मुळीच रुचत नाही.) मोठेपणी मात्र नजर तिच्यावरून ढळून तिला भेटणाऱ्या, उमेद सरलेल्या माणसांकडे जाते.

जनावरांचे खेळ दाखवत गावोगाव फिरणारी फॉर्च्युना ही लहानपणी निव्वळ दुष्ट चेटकीण वाटते. ती थकल्या सिंहावर जादूने अक्राळविक्राळ रूप पांघरते आणि पकडून पिंजऱ्यात घातलेल्या खऱ्या युनिकॉर्नच्या कपाळावरही एक खोटे शिंग चढवते, कारण तिकीट काढून आलेल्या गर्दीला खरे शिंग दिसतच नाही. तिच्याच पिंजऱ्यातली हार्पी एक दिवस आपला जीव घेणार, हे फॉर्च्युना जाणून आहे. तरीही आपल्याला कोणी कैदेत ठेवले होते हे ती अमर पक्षीण कधीच विसरणार नाही, यातच म्हातारीला आपले अमरत्व दिसते.

पण या चित्रपटाचा गाभा मॉली ग्रू हिच्या प्रवेशात आहे. युरोपीय लोककथांत युनिकॉर्न येते ती कोवळ्या कुमारिकांकडे, आणि दरोडेखोरांच्या टोळीत दिवस काढून रापलेली मॉली तिला पाहते तेव्हा हरखून न जाता संतापते. वीस वर्षांपूर्वी, निदान दहा वर्षांपूर्वी तू कुठे होतीस, आणि माझी अशी दशा झाल्यावर आत्ता येण्याची तुझी हिंमत कशी झाली, असा जाब ती विचारते. मॉलीला आवाज देणाऱ्या टॅमी ग्राइम्स यांचा घोगरा स्वर इथे थरथरतो, आणि प्रसंग जेमतेम मिनिटभराचा असूनही मन पुढच्या कथेकडे लवकर वळत नाही. विठ्ठलाला फैलावर घेणाऱ्या जनाबाई आपल्याला परक्या नाहीत. पण त्यांच्या रागात सलगी आहे, तर मॉलीच्या रागात वाया गेलेल्या वर्षांचा हिशेब आहे.

राजा हॅगार्ड हा याच दुःखाचा दुसरा, भयंकर चेहरा आहे. दुसऱ्या कशानेच आनंद होत नाही म्हणून त्याने लाल बैलाकरवी साऱ्या युनिकॉर्न समुद्रात कोंडल्या आहेत, आणि तो मनोऱ्यातून लाटांकडे पाहत बसतो. ख्रिस्तोफर ली यांनी त्याला असा आवाज दिला आहे की चीड येता येता कीव येते.

चित्रपट निर्दोष नाही. हॅगार्डचा राजपुत्र लीर आणि जादूने माणूस झालेली युनिकॉर्न यांचे प्रेमगीत रेंगाळते, आणि ते पुढे पळवावेसे वाटले तर त्यात गैर काही नाही. रँकिन आणि बास या दिग्दर्शकांसाठी रेखाटनाचे काम जपानच्या टॉपक्राफ्ट या ॲनिमेशन संस्थेने केले. पुढे स्टुडिओ जिबली या नामवंत जपानी ॲनिमेशन संस्थेत गेलेले अनेक कलावंत याच संस्थेतले. हालचाली काही ठिकाणी अवघडलेल्या असल्या, तरी पार्श्वचित्रांतली मध्ययुगीन भिंतपटांची छाप आजही डोळ्यांना सुखावते.

बैल हरतो, साऱ्या युनिकॉर्न समुद्रातून सुटतात, आणि लहानपणी गोष्ट तिथेच संपल्यासारखी वाटते. पण माणूस होऊन परतलेली ही एकटीच आता पश्चात्ताप जाणते, आणि तो तिच्या अमर आयुष्याला कायमचा चिकटला आहे. मूळ कादंबरी १९६८ साली लिहिणारे पीटर बीगल हेच पटकथाकारही असल्यामुळे, बालप्रेक्षकांच्या सोयीसाठी हे शल्य गाळले गेलेले नाही.