मामांचे 10 लिटर डिझेल

श्रोतेहो, नमस्कार. पाण्यापासून वायू तयार करून डिझेल वाचवणारी पेटी खरोखर चालते का, हा वाद मी एकदा हर्णैच्या बंदरात हरलो होतो. तो कसा हरलो, ते आज सांगतो.

माझ्या मामांनी पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात, म्हणजे 1 जून ते 31 जुलैच्या दरम्यान, आपल्या होडीच्या इंजिनावर अशी एक पेटी बसवून घेतली. हंगाम सुरू झाला आणि एका फेरीला 60 ऐवजी 50 लिटर डिझेल लागू लागले. मी तेव्हा भौतिकशास्त्र शिकवीत होतो. जेटीवर उभा राहून मी ऊर्जा अक्षय्यतेचा नियम समजावला. मामा शांतपणे म्हणाले, “भाच्या, तुझा नियम खरा असेल, पण मग हे 10 लिटर वाचले कसे?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर तांडेलांच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखांच्या, वहीत सापडले. मागील तीन हंगामांतही, पेटी नसताना, सुरुवातीला डिझेल कमी लागले होते आणि शिमग्यापर्यंत खर्च पुन्हा 60 लिटरवर गेला होता. बंदीच्या काळात होडी वर ओढून तळ खरवडतात, रंग लावतात; पुढे तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात व पाण्याचा अडथळा वाढतो. वाचलेले डिझेल त्या स्वच्छ तळाचे होते. तरीही आम्ही चार दिवस मोजमाप केले. रोज भरतीनुसार पाऊण तास उशिरा सुटायचे, खुणा केलेल्या कॅनमधूनच डिझेल घ्यायचे, दोन दिवस पेटी चालू, दोन दिवस बंद. पुन्हा सांगतो : होडी तीच, वाट तीच, कॅन तोच, आणि खर्चात मोजण्याइतका फरक नाही.

अशी वही घरोघरी हवी. सिलिंडर लावल्याची तारीख आपण कॅलेंडरवर लिहितो आणि वर्षअखेरीस ते कॅलेंडर रद्दीत देतो. ते देऊ नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

शास्त्र थोडक्यात असे. पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन. एक किलो हायड्रोजन पाण्यातून वेगळा करण्यास किमान 39 युनिट ऊर्जा लागते आणि तो जाळून त्याहून अधिक परत मिळत नाही. ती ऊर्जा बॅटरीतून येते, बॅटरी डायनॅमोवर भरते, डायनॅमोला इंजिन फिरवते आणि इंजिन डिझेलच पिते. प्रत्येक टप्प्यावर काही ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

बाहेरून ऊर्जा न घेता अखंड चालणाऱ्या यंत्रांचे दावे यापुढे तपासायचे नाहीत, असे पॅरिसच्या विज्ञान अकादमीने 1775 साली ठरवले. अकादमीची अडचण मला समजते. परंतु ज्याने पदरचे पैसे घातले आहेत, त्याला नियम सांगून भागत नाही, त्याच्या 10 लिटरचा हिशेब लावून द्यावा लागतो.

मामांनी पेटी काढून टाकली. आता ते दिवाळीनंतर ओहोटीला होडी वाळूवर घेऊन तळ आणखी एकदा खरवडून घेतात.