विटांत उभारलेला कोलंबस

मित्रहो, सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला किल्ला म्हटलं की तटबंदी, बुरूज, पाण्याची टाकी, चोरवाट असं सगळं आठवतं. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, मालागाजवळच्या बेनालमादेना गावात, समुद्राकडे तोंड करून डोंगरउतारावर उभा असलेला कोलोमारेसचा किल्ला यांतल्या कशातच बसत नाही. त्याला ना राजा, ना शिबंदी. तो बांधला एका डॉक्टरने. एस्तेबान मार्तिन त्यांचं नाव. कोलंबसाची कथा लोक विसरत चालले आहेत असं या माणसाला मनापासून वाटलं आणि हाताशी दोन गवंडी घेऊन त्यांनी १९८७ साली काम सुरू केलं. वीट, दगड, सिमेंट, लाकूड. १९९२ साली कोलंबसाच्या पहिल्या सफरीला पाचशे वर्षं झाली, सेव्हिलमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. इथे मात्र काम चालूच होतं. ते १९९४ साली पूर्ण झालं.

आत गेल्यावर दालनं शोधू नका. हा किल्ला राहण्यासाठी नाही, वाचण्यासाठी आहे. जिने, कमानी, मनोरे, कारंजी यांतून सफरीची गोष्ट पुढे सरकते. गॉथिक कमानीशेजारी बायझंटाइन वळण, त्याला लागून मुदेहार वीटकाम, म्हणजे मुस्लिम कारागिरांची परंपरा. कुणाला ही खिचडी वाटेल. मला नाही वाटत. २ जानेवारी १४९२ रोजी स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य ग्रानादा पडलं, त्याच वर्षी मार्चमध्ये ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम निघाला आणि ३ ऑगस्टला कोलंबसाची तीन जहाजं पालोस बंदरातून निघाली. त्या एका वर्षात जे तुटलं, ते या डॉक्टरांनी भिंतीत पुन्हा शेजारी शेजारी बसवलं आहे. एक मनोरा तर चिनी पॅगोड्याच्या घाटाचा आहे, कारण कोलंबसाला जायचं होतं पूर्वेकडे. आपल्याकडे.

सगळ्यात जास्त वेळ मी रेंगाळलो तो त्या तीन जहाजांपैकी ‘पिंता’समोर. भिंत फोडून जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बाहेर झेपावते आहे, असं ते शिल्प आहे. जमीन पहिल्यांदा दिसली ती याच जहाजावरून, १२ ऑक्टोबरच्या पहाटे. त्याचा कप्तान मार्तिन आलोन्सो पिन्सोन हा पालोसचा अनुभवी दर्यावर्दी. त्याच्या शब्दाखातर खलाशी जमले, नाहीतर इटलीतल्या जेनोवाहून आलेल्या या परक्या कोलंबसाबरोबर कोण गेलं असतं? पुतळे एकाच माणसाचे होतात, म्हणून इथे जहाजांना मिळालेला मान मला फार मोलाचा वाटतो.

याच वास्तूत संत इसाबेलचं एक चर्च आहे. क्षेत्रफळ दोन चौरस मीटरांहूनही कमी. जगातलं सर्वांत लहान चर्च म्हणून गिनीज बुकाने त्याची नोंद केली आहे. एक माणूस आत उभा राहिला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं.

आता जे खटकलं ते सांगतो, कारण ते न सांगता ही वास्तू नुसती देखणी ठरवणं मला पटत नाही. किनाऱ्यावर उतरल्यानंतर दोनच दिवसांनी कोलंबसाने रोजनिशीत लिहिलं, की पन्नास माणसांच्या बळावर या सगळ्या लोकांना अंकित ठेवता येईल. हे लोक अरावाक भाषाकुळातले, ताइनो. पोहत जहाजापर्यंत पोपट आणि सुताची गुंडी घेऊन आलेले. १४९५ साली त्यांच्यातल्या सुमारे पाचशे जणांना गुलाम म्हणून स्पेनला धाडलं, त्यांतले कितीतरी वाटेतच गेले. पन्नासेक वर्षांत कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पान्योला बेटावरचा हा समाज जवळजवळ नाहीसा झाला. यातलं काहीही कोलोमारेसच्या कथेला दिशा देत नाही. ती बोलते ती धाडसाची आणि श्रद्धेची भाषा.

तरी ही वास्तू पाडावी किंवा टाळावी, असं मी म्हणणार नाही. सात वर्षं एक-एक वीट हाताने घडवून, रचून तीन माणसांनी उभं केलेलं काम आहे ते. त्या हातांबद्दल मला पूर्ण आदर आहे आणि कोलंबसाला नुसतं गौरवणाऱ्या त्या निवाड्याशी माझा पूर्ण मतभेद आहे. या दोन्ही गोष्टी मी एकत्र बाळगतो. तुमच्यापैकी कुणी मालागाकडे गेलात तर इथे दीड-दोन तास ठेवा, आणि जाण्याआधी बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने ताइनोंविषयी जे लिहून ठेवलं आहे, त्यातली निदान काही पानं वाचून जा. कोलंबसाची ती रोजनिशी आज आपल्याला वाचता येते, तीही त्यानेच उतरवून ठेवली म्हणून.