मारुती ८०० चे टायर बदलताना आधी उंचीचा हिशोब

नमस्कार मंडळी. आत येताना बाहेर लावलेल्या आपल्या सगळ्या आठशे बघत बघत आलो, काही गाड्या अशा जपल्यात की बघून बरं वाटलं, पण टायर मात्र प्रत्येकीला वेगळेच दिसले. कुणाला अल्टोचे, कुणाला तेरा इंची अलॉय, एकीला तर पुढे एक साइज आणि मागे दुसरी. म्हणून आज फक्त टायर आणि डिस्क, म्हणजे टायर जिच्यावर चढतो ती चाकाची धातूची रिंग, यावरच बोलतो, कार्बोरेटर वगैरे पुन्हा कधीतरी.

आठशे डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि शेवटची गाडी जानेवारी २०१४ मध्ये बनली, म्हणजे आपल्यातली सगळ्यात नवी आठशेसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची आहे. ती शोरूममधून निघाली तेव्हाचे टायर आता कुणाकडेच नाहीत. आणि होतं काय, की आपण टायरवाल्याकडे जातो, तो म्हणतो साहेब ती साइज आत्ता नाहीये, ही बसवा, काही फरक पडत नाही. फरक पडतो हो. किती पडतो ते आपल्याला काढता आलं पाहिजे, बास, एवढंच मला आज सांगायचंय.

आपली साइज १४५/७० आर १२. १४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची ही त्या रुंदीच्या ७० टक्के. १२ म्हणजे डिस्क बारा इंची. आता मोबाइल काढा आणि माझ्याबरोबर करा. १४५ चे ७० टक्के झाले १०१.५. साइडवॉल वर एक, खाली एक, म्हणून दुप्पट, २०३. बारा इंच गुणिले २५.४, म्हणजे ३०४.८. बेरीज ५०७.८ मिलिमीटर. ही झाली आपल्या चाकाची पूर्ण उंची. हा आकडा गाडीच्या कागदांबरोबर लिहून ठेवा, कारण कुठलाही टायर समोर आला की आधी त्याची उंची काढायची आणि ह्या ५०७.८ शी ताडून बघायची. दोन-अडीच टक्के इकडेतिकडे चालेल, म्हणजे साधारण ४९५ ते ५२०. त्याच्या बाहेर गेलात की गाडीचं वागणं बदलायला लागतं.

आता अल्टोचा टायर घेऊ, कारण सगळ्यात जास्त तोच गळ्यात मारला जातो. १४५/८० आर १२. रुंदी तीच, डिस्क तीच, त्यामुळे आरामात चढतो आणि आपल्याला वाटतं झालं काम. पण १४५ चे ८० टक्के ११६, दुप्पट २३२, अधिक ३०४.८, एकूण ५३६.८. म्हणजे २९ मिलिमीटर जास्त, ५.७ टक्के. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून येते, तिला टायर केवढा आहे ते कळत नाही, ती फक्त फेरे मोजते. त्यामुळे काटा ६० दाखवतो तेव्हा पूर्वीच्या हिशोबाने तुम्ही ६३ च्या वर असता. आणि गंमत म्हणजे किलोमीटरही कमी पडतात, शंभर चाललात तर साडेचौऱ्याण्णव मोजले जातात, मग लोक म्हणतात टायर बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं. अठराचं अ‍ॅव्हरेज सतरा दिसतं, त्यातलं सगळं खरं नसतं, मीटरच कमी मोजतोय.

खरा त्रास चढावर होतो. आपलं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, साधारण ३७ बीएचपी आणि ५९ न्यूटन मीटर टॉर्क. कंपनीने गिअर ठरवले ते ह्या इंजिनाला आणि त्या छोट्या चाकाला धरून. चाक उंच केलं की प्रत्येक गिअर थोडा लांब होतो, जमिनीवर मिळणारा जोर पाचेक टक्के कमी होतो. मोठ्या गाडीत पाच टक्के कळणार नाहीत, पण ताम्हिणी घाटात चार माणसं, मागे बॅगा आणि एसी चालू असताना जी गाडी दुसऱ्यावर कशीबशी निघायची ती आता पहिला मागते, वळणावर हाफ क्लच द्यावा लागतो, आणि मग वर्षभरात क्लचप्लेट गेली की आपण मेकॅनिकला दोष देतो.

हां, एक बाजू त्या टायरचीही सांगतो. उंची २९ ने वाढली की गाडी त्याच्या निम्मी, साडेचौदा मिलिमीटर वर उठते, साइडवॉल जाड असते, खड्ड्यात डिस्क वाचते. ज्यांची गाडी रोज गावाकडच्या फुटक्या रस्त्यावर चालते आणि घाट नाही, सपाटीच आहे, त्यांनी हा टायर टाकला तर मी समजू शकतो. पण टाकायच्या आधी एक करून बघा. एकच टायर पुढे चढवा, मडगार्डच्या आतल्या कडेला खडू चोळा, चार माणसं बसवा, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून स्पीडब्रेकरवरून हळू न्या, मग दुसऱ्या बाजूला वळवून रिव्हर्समध्ये. उतरून टायर बघा. टायरवर खडू लागलेला दिसला तर तो विषय तिथेच संपला.

ओम्नीचे टायर टाकतात काहीजण, ते अजिबात नको. त्यावर एलटी, म्हणजे लाइट ट्रक, लिहिलेलं असतं, ते माल वाहायला बनवलेत, कडक असतात, आणि आपली गाडी रिकामी साडेसहाशे किलोच्या आसपास, ती त्यावर नुसती उडते.

आता ज्यांना थोडा रुंद टायर हवाय त्यांच्यासाठी. नॅनो आठवते ना, तिला पुढे १३५/७० आर १२ आणि मागे १५५/६५ आर १२ असे दोन वेगळे टायर होते. त्यातला मागचा घ्या आणि हिशोब करा. १५५ चे ६५ टक्के १००.७५, दुप्पट २०१.५, अधिक ३०४.८, झाले ५०६.३. आपल्यापेक्षा दीड मिलिमीटर कमी! स्पीडोमीटर तसाच, गिअर तसेच, पावसात पकड जरा बरी. आपली डिस्क मात्र चार इंच रुंद आहे, तिच्यावर १५५ हा मी शेवटचा थांबा मानतो, १६५ वगैरेच्या नादी लागू नका. आणि पॉवर स्टेअरिंग नाही, पार्किंगमध्ये हाताला रुंदीतलं ते एक सेंटिमीटर कळणार, हे धरून चला. नॅनोचा पुढचा १३५ वाला स्वस्त मिळाला म्हणून चारही तेच टाकू नका, तो कमी वजनासाठी आहे.

तेरा इंची अलॉयबद्दल इथल्या तरुण मंडळींनी आधीच चिठ्ठी पाठवलीय. दिसतात छान, मान्य. पण त्यावर सहज मिळणारा टायर १५५/६५ आर १३, त्याची उंची ५३१.७, म्हणजे पावणेपाच टक्के वर, अल्टोच्या टायरवाला सगळा त्रास इथेही आला. आणि त्याच्या आधी पीसीडी, म्हणजे चाकाच्या नटांच्या गोलाचा व्यास, बघा. आठशेला चार नट, आणि समोरासमोरच्या दोन नटांचं मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजलं तर ११४.३ मिलिमीटर. स्विफ्ट, वॅगनआर ह्या गाड्या १०० वर आहेत. जुन्या बाजारात, पुण्याच्या नाना पेठेत म्हणा, अलॉय घेताना पट्टी घेऊन जा आणि समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर तसंच मोजा. मधे अडॅप्टर टाकून किंवा भोकं वाढवून बसवून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडून निघून या. चाक बाहेर सरकतं, बेअरिंगवर लोड येतो, स्टेअरिंग हातात मारायला लागतं, आणि भोक वाढवलेलं चाक ज्या गाडीत आपली मुलं बसतात तिला लावायचं नसतं. नटही अलॉयचेच घ्या, जुन्या डिस्कचे नट त्यात बसतीलच असं नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, पासिंगला किंवा क्लेमच्या वेळी ते आडवं येऊ शकतं.

एका ताईंनी विचारलंय की टायर दिसायला नवा आहे पण जुना स्टॉक नाही ना हे कसं ओळखायचं. साइडवॉलवर डीओटी ही इंग्रजी अक्षरं शोधा, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. आपल्या साइजला गिऱ्हाईक कमी, टायर दुकानात पडून राहतात, म्हणून हे चार आकडे स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. कधीकधी तारीख आतल्या बाजूला जाते, मग टायर फिरवून बघायचा, लाजायचं नाही. दोन वर्षांहून जुना असेल तर मी घेत नाही, दुसरा मागवायला सांगतो, चार दिवस थांबायला लागलं तरी चालेल.

आणि डिस्क जुन्या असतील तर टायर निघालेला असतानाच कडेचा गंज वायर ब्रशने काढून रंग मारून घ्या, नाहीतर ट्यूबलेस टाकूनही दर आठवड्याला हवा भरत बसाल. ज्यांच्या अगदी सुरुवातीच्या डिस्क आहेत त्यांनी ट्यूब टाकूनच चालवावं. दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे लावा, पुढे नाही, पावसात मागची बाजू सुटली तर आपल्याला सावरता येत नाही. स्टेपनीची उंचीही काढा, पंक्चर झाल्यावर कळायला नको की ती वेगळ्या साइजची आहे. चला, आता बाहेर जाऊ, ज्यांना आपल्या गाडीचे आकडे वाचून घ्यायचेत त्यांनी टॉर्च घेऊन या.