चारच अंक

(फोंड्यातल्या एका नाट्यलेखन शिबिरात केलेलं भाषण, थोडं झाडून-पुसून.)

मंडळी, मला पाऊण तास दिलाय. त्यातली दहा मिनिटं माझी ओळख करून देण्यात गेली आणि तीत मला न ठाऊक असलेली बरीच माहिती कळली. असो. पत्रिकेत विषय छापलाय : ‘लेखकाचं परिपूर्णतेचं वेड आणि त्यावरचे उपाय’. उपायांकडे मी येणार आहे. आधी जरा पुण्याला जाऊन येऊ.

३१ ऑक्टोबर १८८०, आनंदोद्भव नाट्यगृह, अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल. संगीत नाटकाची पहाट वगैरे आपण भाषणांत म्हणतो. पण त्या रात्री अंक किती झाले? कालिदासाचे सात. अण्णासाहेबांनी दाखवले चार. चौथ्यात शकुंतला सासरी निघते आणि पडदा. अंगठी हरवायची बाकी, राजाने ओळख नाकारायची बाकी, तो मासा तर अजून पाण्यात पोहतोय. हे गोव्यात घडलं असतं तर पब्लिकने पहिलं विचारलं असतं, “आनी नुस्तें खंय?”, म्हणजे मासा कुठाय? (हशा)

दोन वर्षांनी सौभद्र. १८ नोव्हेंबर १८८२, पुन्हा पुणंच, अंक तीन. पुरे पाच अंक लोकांना पुढच्या वर्षी बघायला मिळाले. १८८४ साली रामराज्यवियोग आलं, तेही तीनच अंकांचं. १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले आणि ते तसंच राहिलं. म्हणजे ज्या माणसाचा फोटो आपण तालमीच्या खोलीत लावतो, त्याने हातातलं काम अर्धं असतानाच लोकांपुढे ठेवलं. कुणी म्हणेल, कंपनी चालवायची होती, थांबायला सवड कुठली. मान्य. मी तेच सांगतोय.

आता आमचा एक मित्र. नाव घेत नाही, तुमच्यातल्या चौघांना कळेलच. माणूस खरा लिहिणारा. संवाद असा लिहितो की नट मंडळी पाठांतराचं नाव काढत नाहीत, आपसूक तोंडी बसतो. त्याचं एक नाटक आहे. आहे म्हणजे कपाटात आहे. पहिल्या अंकाच्या सुरुवातीला म्हातारी सोप्यावर बसून आमसुलं निवडतेय आणि मुंबईहून मुलगा येतो. म्हातारी मान वर न करता म्हणते, “आलास?” एवढंच. मला त्याने वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. काही महिन्यांनी भेटला, म्हणाला, बदललं. काय बदललंस? तर म्हातारी आता म्हणते, “आलास रे?” मी म्हटलं, छान. मग पावसाळ्यात फोन : ‘रे’ काढला, ‘का’ घातला. “आलास का?” मग म्हातारीने मान वर करावी की करू नये यावर आम्ही एकदा म्हार्दोळपासून पणजीपर्यंत वाद घातला. मग आमसुलं गेली, सुपारी आली, कारण आमसुलं फार ‘गोंयकार’ वाटतात आणि बाहेरचे परीक्षक त्याला पर्यटन म्हणतील. मग सुपारीही गेली. आता म्हातारी नुसती बसते. परवा विचारलं तर सांगितलं, मुलाने यावं की नाही याचाच विचार चालू आहे. (हशा)

हसू नका. आळशी नाही तो, घाबरलाय. आणि कोणाला घाबरलाय, ते तुम्हाला-मला माहीत आहे. मध्यंतरात चहाच्या टेबलाशी उभी राहणारी आपली मंडळी. त्यांतला एकजण दर प्रयोगाला येतो, तिकीट काढून येतो, पुढून तिसऱ्या रांगेत बसतो आणि बाहेर येऊन खांद्यावर हात ठेवतो : “बरें जालें, पूण...” त्या ‘पूण’नंतर जे येतं त्याने माणूस आठ दिवस जेवत नाही. माझ्या एका नाटकाला एका स्पर्धेत परीक्षकांनी पूर्ण पानभर लिहून दिलं होतं, आणि त्यात कौतुक फक्त नेपथ्यातल्या दाराचं होतं. दार सुताराने केलं होतं. सुतार ते पान अजून जपून आहे म्हणे.

आणि गाव आपलं केवढं? मुंबईत समीक्षक झोडपतो आणि आपल्या वाटेने जातो. इथे तोच माणूस बायकोचा मावसभाऊ निघतो, नाहीतर पुढच्या जत्रेला आपल्याला पेटीवर तोच हवा असतो. रविवारी नाटकाची चिरफाड केली आणि सोमवारी मासळी बाजारात भेटला, तर बोलायचं काय?

पण ही माणसं इतकी कडक का, याचा विचार करा. कारण इथला प्रेक्षक नुसता प्रेक्षक नसतो. कधीतरी देवळासमोरच्या मांडवात तो स्वतः अर्जुन झालेला असतो, निदान द्वारपाल तरी. प्रॉम्प्टरकडे कान लावून पद म्हटलेलं असतं. कुठे श्वास तुटतो, कुठे लेखकाला सुचलं नाही म्हणून नोकराला आत पाठवलंय, ते त्याला कळतं. हा दुष्टावा नाही, कान तयार आहे. आणि माझा अनुभव असा की पुरं झालेलं काम समोर ठेवलं की हा माणूस निकाल देतो. अर्धं ठेवलं की बाह्या वर करतो. तो ‘पूण’वाला गृहस्थ, त्याला मी एकदा दुसऱ्या अंकाची कच्ची पानं दिली आणि एवढंच विचारलं, कंटाळा कुठे येतो ते सांगा. रात्री साडेदहापर्यंत बसला. एक आख्खा प्रवेश उडवायला लावला, आणि तो गेल्याचं आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

लगेच कोणीतरी केसरबाईंचं नाव काढेल. बरोबर आहे. आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर, अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम, ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत महाकडक. त्या कुठे कच्चं दाखवायच्या? पण १९७७ साली व्हॉयेजर यानांतून जी तबकडी अवकाशात गेली, तीत त्यांची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे. साडेतीन मिनिटांची. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं. सावकाश राग उलगडणाऱ्या बाईंनीही तिथे जागा संपली म्हणून थांबणं पत्करलं. आणि मैफल म्हणाल तर ती कोणाला खोडून पुन्हा लिहिता येते?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे उपाय.

तारीख आधी ठरवा, नाटक नंतर. जत्रेच्या नाटकात परिपूर्णतेचं वेड कोणाला होत नाही, कारण तिथी देवीची असते आणि ती पुढे ढकलता येत नाही. मुखवटा लागला नाही तरी घंटा होतेच. तेव्हा वाचनासाठी कोणाचा तरी सोपा मागून ठेवा, चार माणसांना बोलावून ठेवा, मग लिहायला बसा.

पहिलं वाचन घरच्यांपुढे नको, ते खोटं बोलतात. पन्नास जणांपुढेही नको. तिघे पुरेत, त्यातला एक तुम्हाला न आवडणारा हवा. “कसं वाटलं?” विचारू नका, त्याला उत्तर ‘पूण’ हेच येतं. कुठे लक्ष उडालं, कोणत्या पात्राचं नाव आठवत नाही, हे विचारा. ऐकताना खुलासे देऊ नका. प्रयोगाच्या रात्री खुलासा द्यायला तुम्ही प्रत्येक खुर्चीशेजारी बसणार नाही आहात. सांगितलेलं सगळं ऐकायचंच असंही नाही. तिघांनी एकाच पानावर बोट ठेवलं तर ते पान बघा, बाकीचं सोडा. स्पर्धेच्या निकालाबद्दलही बोलायचं होतं, ते राहिलं. ते राहिलेलंच बरं.

सकाळपासून बघतोय, निदान पाच-सहा जणांच्या मांडीवर वह्या आहेत आणि प्रत्येकाचा हात वहीवर आहे. जेवणानंतर वरच्या खोलीत बसू. पहिली दहा पानं आणा. समास मोठा सोडलेला असेल तर उत्तम, पेन्सिली माझ्याकडे आहेत. बाइंडिंग केलेली संहिता आणू नका, ती मी न उघडता परत देतो.