काळ्या दगडावरची पिरपिर

(दृश्य: उतरती, अरुंद दगडी गल्ली. ओल्या पायऱ्या. टोकाला एकच दिवा.)

डिसेंबर महिन्यात एडिंबरा शहरात दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा सुटलेली मुले घरी पोहोचतात तोवर रस्त्यांवरचे दिवे लागलेले असतात, आणि त्या दिव्यांखालून पाऊस पडतो आहे की नाही, हे बराच वेळ ठरवता येत नाही. अंगावरचा कोट ओला झाला की मग खात्री पटते.

पुण्यात वर्षाकाठी जेवढा पाऊस पडतो, साधारण तेवढाच, म्हणजे ७०० मिलिमीटरच्या आसपास, स्कॉटलंडच्या या राजधानीतही पडतो. मात्र पुण्याचा पाऊस बहुतांशी चार महिन्यांत आपला हिशेब चुकता करून निघून जातो, आणि इथला बारा महिने हप्त्याहप्त्याने येत राहतो. या कुंद, ओल्या हवेसाठी इथल्या स्कॉट्स बोलीत ‘ड्रीख’ असा शब्द आहे, तर दिसतो न दिसतो अशा बारीक पावसाला ‘स्मर’ म्हणतात. आपल्या ‘पिरपिर’ या शब्दात पावसाइतकीच चिडचिडही भरलेली असते. ती इथल्या लोकांच्याही आवाजात असते, हे बसथांब्यावर दहा मिनिटे उभे राहिल्यावर लक्षात येते.

अशा शहरात कॅमेरा घेऊन हिंडायचे आणि त्या छायाचित्रांतून एखादी कथा सुचते का ते पाहायचे, एवढ्याच हेतूने आम्ही इथे आलो होतो.

(दृश्य: किल्ल्याचा कडा, खालून वर.)

आधी शहराची ठेवण समजून घ्यायला हवी. पश्चिमेला एका विझलेल्या ज्वालामुखीच्या कातळावर किल्ला उभा आहे. हिमयुगात बर्फाचा प्रवाह या कातळाला अडून दोन्ही बाजूंनी वाहत गेला आणि त्याच्या आडोशाला पूर्वेकडे एक लांब उतरती सोंड शिल्लक राहिली. जुन्या शहराचा मुख्य रस्ता याच सोंडेच्या पाठीवरून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत जातो. माशाच्या कण्यातून काटे निघावेत तशा त्याच्या दोन्ही अंगांनी अरुंद गल्ल्या खाली घसरतात. या गल्ल्यांना ‘क्लोज’ म्हणतात. काही ठिकाणी त्या इतक्या चिंचोळ्या आहेत की छत्री उघडून समोरासमोर आलेल्या दोन माणसांपैकी एकाला ती मिटावी लागते.

त्यातही हे शहर एकावर एक रचलेले आहे. १७८८ साली वाहतुकीसाठी खुल्या झालेल्या साउथ ब्रिज या पुलाला १९ कमानी आहेत, पण आज त्यांपैकी एकच उघडी दिसते. बाकीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींनी झाकून टाकल्या आहेत. पुलावरून चालणाऱ्याला आपण पुलावर आहोत याची कल्पनाही नसते, आणि खाली काउगेटच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला डोक्यावरून जाणाऱ्या शहराचा फक्त तळ दिसतो.

(दृश्य: काल्टन टेकडीची पायवाट, जिन्यालगतचे एक जुने घर.)

छायाचित्रणाच्या इतिहासात या शहराला फार जुने स्थान आहे, आणि ते एका भांडणामुळे मिळाले. १८ मे १८४३ रोजी स्कॉटलंडच्या चर्चच्या सर्वसाधारण सभेतून शेकडो धर्मोपदेशक उठून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र फ्री चर्च स्थापन केले. मुंबईतल्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते जॉन विल्सन हेही पुढे याच फ्री चर्चच्या बाजूने गेले, हे जाता जाता सांगायला हवे. या प्रसंगाचे भव्य चित्र काढायचे असे डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराने ठरवले. पण एवढ्या माणसांचे चेहरे टिपायचे कसे? शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्याची गाठ रॉबर्ट ॲडमसन या विशीतल्या तरुणाशी घालून दिली. कागदी निगेटिव्हवर छायाचित्र घेण्याची कॅलोटाइप ही पद्धत ॲडमसनला अवगत होती, आणि इंग्लंडमध्ये तिच्यावर असलेले पेटंट स्कॉटलंडला लागू नव्हते.

काल्टन टेकडीवरच्या रॉक हाउस या घरात दोघांनी काम सुरू केले. १८४८ च्या जानेवारीत ॲडमसन वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी वारला, पण त्याआधीच्या चार-साडेचार वर्षांत त्यांनी सुमारे ३००० छायाचित्रे घेतली. हिलचे मूळ चित्र पूर्ण व्हायला मात्र १८६६ साल उजाडले. त्या चित्रापेक्षा त्याच्या तयारीसाठी घेतलेली छायाचित्रेच आज जग आवर्जून पाहते. हिलला हे रुचले असते का, कोण जाणे.

या छायाचित्रांकडे कथाकाराच्या नजरेने पाहताना एक गोष्ट खटकते. एवढ्या पावसाळी शहरात काढलेल्या या चित्रांत पाऊस कुठेच नाही, आणि तो असणे शक्यही नव्हते. कॅलोटाइपला भरपूर ऊन लागे आणि कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्याला एक-दोन मिनिटे, कधी त्याहूनही अधिक वेळ, निश्चल राहावे लागे. घरातला वाटणारा प्रसंगसुद्धा खुर्च्या, टेबल, पडदे अंगणात मांडून उन्हात टिपला जाई. आपल्याला वारशात मिळालेले हे पहिले एडिंबरा कोरडे आहे, आणि त्यातली माणसे जागच्या जागी थिजलेली आहेत.

पुढची गोष्ट १८६१ सालची. मुख्य रस्त्यावरची एक जुनी बहुमजली इमारत नोव्हेंबरातल्या एका रात्री कोसळली आणि ३५ माणसे गेली. ढिगारा उपसणारे लोक निराश होत आले असताना आतून एका मुलाचा आवाज आला: उपसत राहा रे, मी अजून मेलेलो नाही. मुलगा वाचला. या दुर्घटनेनंतर शहराने आरोग्य अधिकारी नेमला, त्याच्या अहवालातून १८६७ चा सुधारणा कायदा आला, आणि कोंदट गल्ल्या पाडायचे ठरले. त्या पाडण्यापूर्वी त्यांची नोंद राहावी म्हणून १८७१ साली आर्चिबाल्ड बर्न्स या छायाचित्रकाराला काम देण्यात आले. आता पद्धत काचेच्या प्लेटची होती आणि वेळ कमी लागत असे, तरी अंधाऱ्या गल्लीत काही सेकंद जातच. तेवढा वेळ जो स्थिर उभा राहिला तो माणूस म्हणून उमटला. जो हलला त्याचा धुरकट डाग राहिला, आणि जो सरळ चालत गेला त्याचे काहीच उरले नाही.

आमच्या मते कथेला हवी असलेली जागा त्या डागात आहे.

(दृश्य: दिव्याखालचा पाऊस, अगदी जवळून.)

आजचा कॅमेरा पाऊस टिपू शकतो, पण त्यासाठी पावसाचा स्वभाव ओळखावा लागतो. टपोरा थेंब सेकंदाला सहा ते नऊ मीटर वेगाने पडतो. शटर एका सेकंदाच्या साठाव्या भागापुरते उघडे ठेवले, तर तेवढ्यात तो दहा सेंटिमीटर किंवा अधिक खाली येतो आणि चित्रात त्याची रेघ उमटते. ती दिसण्यासाठी उजेड थेंबाच्या मागून यावा लागतो आणि पाठीमागे काळोख असावा लागतो. एडिंबऱ्याची पिरपिर मात्र इतकी बारीक आणि मंद असते की तिची रेघ जवळपास उमटतच नाही. इथे पाऊस दाखवायचा तर त्याने केलेले बदल दाखवावे लागतात.

दगड हा त्यांतला सर्वांत बोलका. पूर्वी कोळशाच्या धुरामुळे या शहराला ‘म्हातारी धुरकटी’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले होते, आणि वाळूच्या दगडाच्या अनेक भिंती आजही त्या काजळीने काळ्या आहेत. पाणी दगडाच्या छिद्रांत भरले की आत शिरलेला प्रकाश तिथेच घुटमळतो, बाहेर कमी परततो, आणि काळा दगड अधिकच काळा दिसतो. पायाखालच्या घडीव दगडांवर पाण्याचा गुळगुळीत थर बसल्यामुळे नेमके उलट घडते: दिव्याचा उजेड आरशासारखा परतून येतो. भिंत विझते आणि जमीन उजळते. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला की हा उजेड थेट भिंगात येतो. एरवी चकाकी घालवणारा पोलरायझर फिल्टर अशा वेळी काढून पिशवीत टाकावा. आकाश शक्यतो चौकटीत घेऊ नये. ते नुसते पांढरे येते आणि सगळे लक्ष खाऊन टाकते.

समुद्राकडून येणारे धुके हा वेगळाच विषय आहे. वसंतात आणि उन्हाळ्यात उबदार हवा थंड उत्तर समुद्रावरून सरकताना गारठते आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर धुके शहरात शिरते. त्याला इथे ‘हार’ म्हणतात. मराठी कानाला या शब्दाची गंमत वाटते. त्याचा दुसरा अर्थ किल्ल्याचे छायाचित्र घ्यायला गेल्यावर कळतो.

(दृश्य: जुने लाकडी कपाट, काचेमागे.)

लेडी स्टेअर्स क्लोजमधल्या लेखक संग्रहालयात हे कपाट आहे. ते विल्यम ब्रॉडीच्या कारखान्यातले आहे, असे सांगतात. ब्रॉडी हा सुतारांचा प्रमुख आणि नगरपरिषदेचा सदस्य. दिवसा तो प्रतिष्ठितांच्या घरी कुलपे आणि कपाटे बसवी, किल्ल्यांचे मेणावर ठसे घेई, आणि रात्री त्याच घरांत चोरी करी. १७८८ साली त्याला फाशी झाली. पुढे हे कपाट रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या लहानपणीच्या खोलीत होते. १८८६ साली प्रसिद्ध झालेली त्याची डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड यांची कथा लंडनमध्ये घडते, पण तिच्यातले दुहेरी आयुष्य या गल्ल्यांतून गेले, असे अनेकांना वाटते. आम्ही कपाटाचे छायाचित्र घेतले. ते कपाटासारखे आले. बाहेर पडलो तेव्हा समोरच्या बंद दारावरून पाणी ओघळत होते आणि कुलपाच्या भोकाभोवतीचे पितळ तेवढे चमकत होते. ते चित्र आम्ही ठेवले.

(दृश्य: पेस्ली क्लोजचे प्रवेशद्वार. वर कोरलेला मुलाचा चेहरा.)

ढिगाऱ्यातून वाचलेल्या त्या मुलाचा चेहरा आणि त्याचे शब्द गल्लीच्या दारावर दगडात कोरलेले आहेत. संध्याकाळी साडेचार वाजता आम्ही रस्त्यापलीकडे तिकाटणे लावले, शटरची वेळ अर्धा सेकंद ठेवली आणि थांबलो. पाणी कपाळावरून मुलाच्या नाकाशी जमत होते आणि दर थोड्या वेळाने एक थेंब खाली पडत होता. वीस मिनिटांनी कोणीतरी कॉलर वर करून भराभर आले आणि त्या चेहऱ्याखालून आत शिरले. चित्रात दगडातला मुलगा स्पष्ट आला आहे. आत गेलेल्याचा एक बूट तेवढा ओळखू येतो.